घोडबंदरच्या भुताला गाव नाही

आमच्या कोलशेतच्या आजीची भुतं ठरल्या जागी राहणारी होती. खाडीत गिऱ्हा, पिंपळावर मुंजा, शिवेवर चेडा. ज्याचा जो मान तो त्याला मिळायचा, कुणाला नारळ, कुणाला कोंबडा. येऊरच्या डोंगरात वारल्यांचा वाघोबा. वाघबारशीला त्याची पूजा असते. ‘रातचा त्या वाटंनी जाव नको रं,’ असं आजी बजावायची, तेव्हा तिच्या डोळ्यापुढं बिबट्या असायचा, नाहीतर भरतीचं पाणी.

तिच्या आधीच्या पिढ्यांचा हमरस्ता म्हणजे ही खाडीच. घोडबंदरला गलबतांतून अरबी घोडे उतरत, असं सांगतात. पोर्तुगिजांनी तिथं बांधलेला किल्ला १७३७ साली, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत, मराठ्यांकडे आला आणि पुढे इंग्रजांकडे गेला. आमच्या गावच्या रेतीच्या होड्या त्याच पाण्यावर चालल्या.

मग डांबराचा राज्य महामार्ग, म्हणजे घोडबंदर रोड, आला आणि गुजरातकडचे ट्रक नाशिकला, न्हावाशेवाला याच वाटेनं जाऊ लागले. एका अंगाला जंगल, दुसरीकडे खाडी, मध्ये गायमुखचा वळणाचा घाट, वर काळोख. अपघात व्हायचेच. चालक परमुलखातले, त्यांना ना चेडा ठाऊक, ना वाघोबा. त्यांच्या धाब्यावरच्या गप्पांतूनच हात दाखवून गाडी थांबवणाऱ्या, पांढऱ्या साडीतल्या बाईची, म्हणजे घोडबंदरच्या भुताची, गोष्ट पसरली असावी. तिला नाव नाही, गाव नाही, शेंदूर फासलेला दगडही नाही. तिच्यासाठीचं लिंबू-मिरचीसुद्धा ट्रकच्याच तोंडाला बांधलेलं.

कोलशेत रोडवरच्या कारखान्यात मी नोकरी केली. दुसरी पाळी सुटली की मध्यरात्री सायकल मारत घरी यायचो. कुत्री मागे लागली, ती बाई कधी भेटली नाही. आता सॅन्डोज आणि बायरच्या जागांवर टॉवर उभे आहेत, घोडबंदर रोडच्या मधोमध मेट्रोचे खांब. तरी तिथं राहायला आलेली पोरं मलाच विचारतात, ‘काका, भूत खरंच आहे का?’

माझं उत्तर ठरलेलं आहे. त्या घाटात माणसं मेली ती खड्ड्यांनी, वेगानं आणि उलट्या दिशेनं घुसणाऱ्यांमुळे. तिथं मांत्रिकाचं काम नाही, दिवाबत्तीचं आणि चांगल्या डांबराचं आहे. आणि रात्री कुणी बाईनं हात दाखवलाच, तर गाडी हळू करून बघा. रिक्षा न मिळालेली, पाळी संपवून घरी निघालेली कुणीतरी असेल.