खांद्यावरचा धक्का आणि गोळीचे वजन : खडकी ते सांबराचे रान

आजचा धागा एका शिकारी प्रश्नापासून सुरू होतो आणि आपल्या दारात येऊन थांबतो. अमेरिकेतील रॉकी पर्वतात एल्क नावाचे प्रचंड हरीण आहे. नराचे वजन तीनशे किलोंच्या पुढे जाते. तिथल्या शिकाऱ्यांचा जुना वाद असा : एवढे जनावर एका गोळीत पडावे, पण रायफलीने खांदा सोलवटू नये, यासाठी कोणते काडतूस घ्यावे आणि गोळी किती वजनाची असावी?

आपल्याकडे एल्क नाही, सांबर आहे. चाकण ज्या खेड तालुक्यात येते, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरचे रान लागते आणि तिथे सांबर आजही आहे. आणि पिंपरीहून निघालेली मेट्रो दापोडी सोडून मुळा ओलांडते, बोपोडीत शिरते, तेव्हा ज्या खडकीच्या हद्दीत आपण येतो, तिथे १८६९ पासून काडतुसे बनत आहेत. १८१७ ची खडकीची लढाई आपल्याला पाठ असते. तिच्यानंतर अर्धशतकाने त्याच परिसरात उभा राहिलेला हा कारखाना मात्र इतिहासाच्या गप्पांत क्वचितच येतो. वरचा शिकारी प्रश्न या कारखान्याच्या इतिहासात पुन्हा पुन्हा विचारला गेलेला दिसतो. फरक इतकाच, की उत्तर बहुतेक वेळा शिकाऱ्याने दिले नाही. कधी सेनापतीने दिले, तर कधी सरकारी फायलीने.

प्रथम थोडा शाळेतला हिशेब. गोळीचे वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. नळीतून गोळी जितका संवेग घेऊन पुढे जाते, तितकाच रायफल मागे घेऊन येते, म्हणजे आपल्या खांद्यावर. दारूच्या वायूंचाही त्यात वाटा असतो, पण तुलनेसाठी केवळ गोळी धरू. गतिज ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाने वाढते. या दोन वाक्यांत पुढचा सगळा इतिहास दडलेला आहे : गोळी हलकी करून वेग वाढवला, तर खांद्यावरचा भार तेवढाच ठेवून समोर जास्त ऊर्जा पोहोचवता येते. गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. साधारण साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम होतो.

कारखाना सुरू झाला तेव्हा ब्रिटिश फौजेत स्नायडर रायफल होती. लवकरच, १८७१ मध्ये, मार्टिनी-हेन्री आली. तिची शिशाची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची, आणि मागे ८५ ग्रेन काळी दारू. वेग सेकंदाला सुमारे ४१० मीटर. संवेग १२.८ येतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढच्या दीडशे वर्षांत तो उतरतच जाणार आहे. मार्टिनीच्या धक्क्याने सैनिकांचे खांदे काळेनिळे पडत. काही फैरी झाडून नळीत काजळी साचली की धक्का आणखी वाढे. आणि दुखरा खांदा हा केवळ वेदनेचा विषय नसतो. धक्क्याची धास्ती बसलेला माणूस चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतो, खांदा आखडतो, आणि गोळी भलतीकडे जाते. अचूकतेचा शत्रू वाऱ्याआधी खांदा असतो, असे मला वाटते.

घोडदळासाठी याच रायफलीची आखूड, हलकी कार्बाइन निघाली, तेव्हा पूर्ण भरलेले काडतूस तिच्यात सोसवेना. मग वेगळे काडतूस करण्यात आले : गोळी ४१० ग्रेन, दारू ७० ग्रेन. एल्कच्या शिकाऱ्याला आज जे हवे असते, ते ‘कमी धक्क्याचे काडतूस’ एकोणिसाव्या शतकात सरकारी हुकमाने असे अस्तित्वात आले होते. ही हत्यारे हिंदी शिपायाच्या हाती मात्र उशिरा आली. १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुने शस्त्र द्यायचे, हे धोरणच होते. गोऱ्यांकडे मार्टिनी तेव्हा हिंदी शिपायाकडे स्नायडर, आणि गोऱ्यांकडे मॅगझिनची रायफल आली तेव्हा त्याच्याकडे मार्टिनी. खांद्याचा जास्त मार कोणी सोसायचा, हेही अशा रीतीने ठरलेले होते.

मग धूर न करणारी दारू आली आणि सगळे गणित फिरले. नळीचा व्यास जवळपास दोन तृतीयांशांवर आला. हीच आपली ‘थ्री-नॉट-थ्री’. सुरुवातीची गोळी २१५ ग्रेनची, बोथट नाकाची, वेग सुमारे ६३० मीटर. संवेग ८.७. म्हणजे मार्टिनीच्या तुलनेत खांद्यावरचा भार एक तृतीयांशाने कमी झाला, आणि गोळी अधिक सपाट मार्गाने अधिक दूर जाऊ लागली.

इथे एक नवी तक्रार उभी राहिली. शिशाची जाड गोळी अंगात शिरली की पसरत असे. ही नवी बारीक, धातूच्या कवचाची गोळी आरपार निघून जाई. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत गोरे अधिकारी म्हणू लागले की गोळी लागूनही समोरचा पठाण धावतच येतो. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने तोड काढली : गोळीच्या टोकावरचे कवच काढून शिसे उघडे ठेवायचे, म्हणजे लागताच ती फुलते. हीच कुप्रसिद्ध डमडम गोळी. १८९९ च्या हेग परिषदेत तिच्यावर बंदीचा ठराव आला, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डाग याने युक्तिवाद केला की सुसंस्कृत सैनिक लहान जखमेनेही थांबतो, ‘रानटी’ माणूस थांबत नाही. हिंदुस्थानच्या सरहद्दीवरचा माणूस या वाक्यात कुठे बसवला आहे, हे वेगळे सांगायला नको. ठराव झाला, ब्रिटनने तो मान्य करायला १९०७ उजाडले.

गंमत अशी, की शिकारीत नेमके उलटे आहे. जी फुलणारी गोळी माणसांवर वापरणे निषिद्ध, तीच जनावरावर वापरणे हा शिकाऱ्यांच्या नीतीचा भाग मानला जातो. कारण पूर्ण कवचाची गोळी सांबराच्या छातीतून आरपार जाते, सांबर दोन डोंगर ओलांडून झाडीत शिरते आणि तासन्‌तास तडफडून मरते. फुलणारी गोळी त्याला लवकर पाडते. काडतूस निवडण्याच्या वादात गोळीचे वजन जितके महत्त्वाचे, तितकीच तिची बांधणी. हलकी गोळी वेगाने जाऊन पृष्ठभागावरच फुटली तर जखम उथळ होते. म्हणून कमी धक्क्याच्या काडतुसात शिकारी लांब, बारीक आणि मजबूत बांधणीची गोळी शोधतो.

१९१० मध्ये थ्री-नॉट-थ्रीची गोळी पुन्हा बदलली. मार्क-सात : १७४ ग्रेन, टोकदार, वेग ७४४ मीटर. आता आपला हिशेब लावून पाहा. संवेग ८.४, म्हणजे जवळपास जुनाच. ऊर्जा मात्र सुमारे २,७४० जूलवरून ३,१२० जूलवर गेली. खांद्याने काहीही जादा दिले नाही आणि हाती जादा आले. शिवाय या गोळीच्या टोकात शिशाऐवजी अॅल्युमिनियमसारखा हलका पदार्थ भरलेला असे. वजन मागच्या बाजूला, त्यामुळे लक्ष्यात शिरताच ती कलंडे. कवच शाबूत, म्हणून हेगचा शब्द पाळला गेला. परिणामाचे तुम्हीच ठरवा.

हीच गोळी खडकीने दोन महायुद्धांच्या काळात घडवली, आणि १९६२ मध्ये आपले जवान हीच थ्री-नॉट-थ्री घेऊन हिमालयात उभे होते. त्यानंतर ७.६२ मिलिमीटरची एसएलआर आली : गोळी सुमारे साडेनऊ ग्रॅम, वेग ८४० मीटर, संवेग ८. मोठी उडी पडली ती पुढे. पुण्यातील पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेली इन्सास रायफल १९९० च्या दशकाच्या अखेरीस फौजेत रुजली. ५.५६ मिलिमीटर, चार ग्रॅमची गोळी, वेग ९०० मीटरच्या घरात. संवेग ३.६. मार्टिनीच्या एक तृतीयांशाहून कमी! एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचे, ७.६२ चे त्याच्या दुप्पट. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात जवान दुप्पट काडतुसे नेऊ शकतो.

आणि तरीही लष्कर मागे वळले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफली घेण्याचा करार झाला; त्या पुन्हा ७.६२ च्याच. अमेठीजवळच्या कोरवा येथे बनणारी एके-२०३ मधला मार्ग धरते : गोळी सुमारे ७.९ ग्रॅम, वेग ७१५ मीटर, संवेग ५.६. हलकी गोळी खांद्याला आवडते, पण ती समोरच्याला थांबवते का, हा चित्रळचा प्रश्न सव्वाशे वर्षांनीही बराकीत जिवंत आहे.

आता शिकाऱ्याकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थान सरकारने ०.४५० व्यासाच्या खासगी रायफलींवर बंदी घातली. कारण वाघ-सांबरांशी संबंधित नव्हते. या व्यासाच्या गोळ्या मार्टिनी-हेन्रीत चालवता येतील आणि सरहद्दीवरच्या बंडखोरांच्या हाती पडतील, ही भीती होती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी मग ०.४६५, ०.४७०, ०.४७५ असे नवे व्यास काढले. आफ्रिकेत हत्तींवर पुढे नाव कमावलेली ही काडतुसे मुळात आपल्याकडच्या एका सरकारी बंदीची अपत्ये आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

थ्री-नॉट-थ्रीही लष्करी म्हणून सामान्य परवानाधारकाला वर्ज्य. पोकळी भरून काढली ‘३१५ बोअर’ने. हे मुळात ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचे ८ मिलिमीटर काडतूस. ब्रिटिश फौज ते वापरत नसे, म्हणून ते निरुपद्रवी ठरले. इंग्लंडच्या बीएसए कंपनीने या काडतुसाच्या रायफली खास हिंदुस्थानसाठी बनवल्या, स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या कारखान्याने, आणि काडतुसे खडकीने. ‘केएफ’ ही अक्षरे पाठीवर असलेले काडतूस जुन्या परवानाधारकांच्या घरात हमखास सापडे.

हे काडतूस सांबरासाठी चांगले होते का? हिशेब पाहू. मूळ ऑस्ट्रियन रूपात गोळी २४४ ग्रेन, सुमारे १५.८ ग्रॅम, वेग ६२० मीटर. संवेग ९.८, ऊर्जा सुमारे ३,०४० जूल. त्याच काळात उपलब्ध असलेली दुसरी रायफल घ्या : रिग्बी ०.२७५, म्हणजे जर्मन ७ × ५७ माउझर काडतूसच. १४० ग्रेनची गोळी, वेग ८३८ मीटर. संवेग ७.६, ऊर्जा ३,१८० जूल. धक्का जवळपास पाऊण, ऊर्जा किंचित जास्तच! चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने जिम कॉर्बेट यांना हीच रायफल भेट दिली, आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी तिनेच टिपला. त्याच काडतुसाने डब्ल्यू. डी. एम. बेल हा स्कॉट शिकारी आफ्रिकेत शेकडो हत्ती पाडत होता; लांब, पूर्ण कवचाची गोळी आणि कवटीत मेंदू नेमका कुठे असतो याचे ज्ञान, एवढ्यावर. हत्ती मारण्याचे कौतुक आज कोणी करू नये, पण धक्का कमी असला की नेम बसतो आणि नेम बसला की गोळी जड असण्याची गरज उरत नाही, हे त्यातून निर्विवाद दिसले.

अमेरिकेतला एल्कचा शिकारी आज कमी धक्क्याचे काडतूस मागतो, तेव्हा त्याला सुचवल्या जाणाऱ्या नावांत ‘सेव्हन एमएम झीरो-एट’ असते. १९८० मध्ये रेमिंग्टनने बाजारात आणलेले हे काडतूस म्हणजे लष्करी ७.६२ च्या घराण्यातलीच नळकांडी, मान आवळून ७ मिलिमीटरची केलेली. गोळी बहुधा १४० ग्रेनची. कॉर्बेटच्या रिग्बीशी ताडून पाहा. शंभर वर्षे फिरून उत्तर तिथेच येते.

आपल्याकडे हा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला. सांबराची शिकार आता गुन्हा आहे, आणि भीमाशंकरच्या झाडीत त्याला धोका उरला आहे तो बिबट्याचा आणि चोरट्या शिकाऱ्याचा. ३१५ मात्र टिकली. शस्त्र कायद्यातही लष्करी काडतूस घेऊ शकणारी रायफल सामान्यांना वर्ज्यच राहिली, त्यामुळे पीक राखण्यासाठी किंवा घराण्याची आठवण म्हणून परवाना बाळगणाऱ्यांकडे तीच जड गोळीची, खांद्याला लागणारी रायफल आली. बहुतेकींचा बार आता वर्षानुवर्षे निघत नाही. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, आणि निकालानंतर पावती दाखवून परत घरी येते.