काळी नदीचा उतार

फौजेत नकाशावर नदी दिसली की पहिला प्रश्न एकच असतो: ओलांडायची कुठे? पात्र किती रुंद, काठ किती उंच, तळ वाळूचा की चिखलाचा, पाण्याला ओढ किती आणि पलीकडच्या काठावर कोण बसलंय, हे आधी टिपायचं. तिचं सौंदर्य नंतर. कारवारची काळी नदी मी याच सवयीने पाहिली आणि तिथला इतिहासही मला याच प्रश्नातून समजत गेला.

कोकणातल्या बहुतेक नद्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून समुद्राकडे धावतात. काळीची तऱ्हा वेगळी. उत्तर कन्नड जिल्ह्यात, गोव्याच्या हद्दीजवळ, डिग्गीच्या डोंगरात ती उगम पावते. समुद्र पश्चिमेला जवळच, पण ही निघते पूर्वेला. सुपा, दांडेली असा पठारावरून फेरा घेते, मग दक्षिणेकडे वळते आणि दाट रानातल्या खोल दऱ्यांतून घाट उतरते. कद्र्याच्या खाली ती शांत होते, तिच्यात भरतीचं पाणी शिरतं आणि सुमारे १८४ किलोमीटरचा प्रवास करून कारवारला समुद्राला मिळते.

म्हणजे वर दरी आडवी आणि खाली खोल, रुंद खाडी. किनाऱ्याने दक्षिणोत्तर जाणाऱ्या सैन्याला पायउतार मिळणं कठीण. नाव हवीच.

शिवाजी महाराजांनी हे नेमकं ओळखलं होतं. फेब्रुवारी १६६५ मध्ये बसरूरची मोहीम उरकून गोकर्णला आल्यावर त्यांनी आरमार परत पाठवलं, पण १२ गलबतं मागे ठेवली. कारण एकच, वाटेतल्या नद्यांवरून फौज उतरवणं. सुमारे ४००० पायदळ घेऊन ते अंकोल्यामार्गे कारवारला आले. विजापूरचा सरदार शेरखान आदल्याच रात्री तिथे पोहोचला होता. महाराजांनी नदीच्या मुखाशी तळ दिला, शहरावर हल्ला केला नाही आणि व्यापाऱ्यांकडून खंडणी घेतली. इंग्रजांच्या वखारीनेही त्यात ११२ पौंड भरले. मुखावर बसलेल्या माणसाच्या हातात बंदराची नाडी असते.

पुढे सोंद्याच्या राजाने उत्तर काठावरच्या टेकडीवर किल्ला बांधला आणि वडिलांच्या नावाने त्याला सदाशिवगड म्हटलं. १७५२ मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला, मग हैदरकडे गेला आणि टिपूच्या पाडावानंतर इंग्रजांकडे. मालक बदलले, जागा बदलली नाही. त्या टेकडीवरून नदीचं मुख आणि समोरचा काठ दोन्ही नजरेच्या टप्प्यात येतात.

विसाव्या शतकात नदीच अडवली गेली. सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झालं. उंची १०१ मीटर, म्हणजे जवळपास आपल्या कोयनेएवढी, पण पाणीसाठा कोयनेहून जास्त. खाली कोडसळ्ळी आणि कद्रा ही धरणं. ज्या उताराने ओलांडणं अवघड केलं, त्याच उताराने वीज दिली. मात्र काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं. तिथली कितीतरी कुटुंबं रामनगरला वसवली गेली. शेत, देऊळ, बाजाराची वाट, सगळं धरणाच्या पोटात. विजेचा हिशेब मांडताना हा आकडाही त्याच वहीत लिहायला हवा.

कारवार आणि सदाशिवगड जोडणारा पूल १९८३ च्या सुमारास झाला आणि लोक तर विसरले. पुढे महामार्ग रुंद करताना शेजारी नवा पूल आला. ७ ऑगस्ट २०२४ ला, मध्यरात्रीनंतर, ऐन पावसाळ्यात जुना पूल कोसळला. एक ट्रक नदीत पडला. चालकाला वाचवलं ते मच्छीमारांनी, होडीने. चाळीस वर्षांनंतरही त्या रात्री कामी आली ती नावच.

फौजेत पूल उभारण्याइतकंच तो रोज तपासणंही शिकवतात. पलीकडे शत्रू नसला तरी मधे नदी असतेच.

गोव्याहून कारवारला जाताना सदाशिवगडावर थोडा वेळ थांबा आणि मुखाकडे पाहा. महाराजांनी ती १२ गलबतं का राखून ठेवली, ते तिथे उभं राहिलं की लगेच कळतं.

जय हिंद.