ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धा, १९९२ : ध्वनिचित्रफितीवरील हंगाम

कारखान्यातून सर्वसामान्य ग्राहकासाठी बाहेर पडणाऱ्या मोटारीचे बाह्यरूप कायम ठेवून तिचे इंजिन, ब्रेक व सस्पेन्शन नव्याने बांधले, म्हणजे जी शर्यतीची मोटार तयार होते तिला टूरिंग कार म्हणतात. अशा मोटारींची ब्रिटनमधील राष्ट्रीय स्पर्धा १९५८ मध्ये सलून कार स्पर्धा या नावाने सुरू झाली, जॅक सिअर्स हे तिचे पहिले विजेते ठरले, आणि सध्याचे नाव तिला १९८७ मध्ये मिळाले. या स्पर्धेचा १९९२ चा हंगाम बीबीसीच्या ‘ग्रँडस्टँड’ या क्रीडाकार्यक्रमातून, प्रेक्षकांनी घरी ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या कॅसेटमधून आणि हंगामाअखेरीच्या आढावा-फितींतून जतन झाला. लिखित निकालपत्रकांपेक्षा फीत हेच त्याचे प्रमुख साधन मानले जाते, म्हणून प्रस्तुत नोंदीतही फितीला अग्रस्थान दिले आहे.

नियम : या हंगामाचे चित्रीकरण इतके सुबोध का ठरले याचे मूळ नियमांत आहे. १९९० पर्यंत वेगवेगळ्या क्षमतेच्या मोटारी वर्गवारीने एकत्र धावत आणि प्रत्येक वर्गाला स्वतंत्र गुण मिळत. त्यामुळे सर्वांत पुढे धावणारा चालक हंगामाच्या गुणतक्त्यात मागे असणे सहज शक्य होते, आणि १९८९ मध्ये जॉन क्लेलंड यांनी लहान वर्गातील व्हॉक्सहॉल ॲस्ट्रा चालवून एकंदर विजेतेपद मिळवले होते. १९९१ पासून दोन लिटर क्षमतेचे, टर्बो नसलेले, मिनिटाला ८,५०० फेऱ्यांची मर्यादा असलेले इंजिन हा एकच वर्ग राहिला. हेच पुढे सुपर टूरिंग या नावाने प्रसिद्ध झालेले नियम होत. पडद्यावर जी मोटार पुढे दिसते तीच खरोखर पुढे आहे, ही खात्री प्रेक्षकाला प्रथमच मिळाली, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या मोटारींचा वेग जवळजवळ सारखा झाल्याने पाच-सहा मोटारी एकाच चौकटीत मावू लागल्या. १९९२ पासून स्पर्धेचे व्यवस्थापन ॲलन गाउ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या टोका या संस्थेकडे आले.

चित्रीकरण : शर्यती सहसा थेट प्रक्षेपित होत नसत. मैदानावर टिपलेले दृश्य बॅरी हिंचक्लिफ यांची निर्मितीसंस्था संकलित करी आणि मरी वॉकर (१९२३–२०२१) त्या संकलित दृश्यावर नंतर समालोचन चढवीत. फॉर्म्युला वनच्या थेट समालोचनात अडखळण्याबद्दल ओळखले जाणारे वॉकर येथे इतके नेमके वाटतात याचे एक कारण हेच असावे. मात्र आवाजातील उत्कंठा निकाल माहीत असताना व्यक्त झालेली आहे, हे फितीचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्याने विसरू नये. दुसरे वैशिष्ट्य गाडीच्या आत बसवलेल्या कॅमेऱ्यांचे. चाकावरचे हात, गिअर बदलताना बसणारा झटका आणि समोरच्या मोटारीचा काही इंचांवर आलेला मागचा बंपर ही दृश्ये संकलनात मुक्तहस्ते वापरली गेली, आणि ज्या मोटारींत कॅमेरा होता त्यांच्या वाट्याला साहजिकच अधिक वेळ आला.

हंगाम : स्पर्धेत एकूण पंधरा शर्यती झाल्या आणि त्या सिल्व्हरस्टोन, ब्रँड्स हॅच, डॉनिंग्टन पार्क या प्रस्थापित मार्गांप्रमाणेच स्कॉटलंडमधील नॉकहिल व वेल्समधील पेम्ब्रे येथेही भरल्या. गतविजेते विल हॉय यांनी बीएमडब्ल्यू सोडून अँडी राउझ यांच्या संघाची टोयोटा करिना घेतली होती. क्लेलंड व्हॉक्सहॉल कॅव्हेलिअर चालवीत होते. टिम हार्वे व स्टीव्ह सोपर हे विक ली यांच्या संघातर्फे बीएमडब्ल्यू ३१८ आयएस घेऊन उतरले. नव्या बांधणीच्या या मोटारीला लय सापडायला वेळ लागला आणि हार्वे यांची खरी चढाई हंगामाच्या उत्तरार्धात झाली. निस्सान प्रिमेरा व प्यूजो ४०५ यांचाही सहभाग होता.

अखेरची शर्यत : ४ ऑक्टोबर १९९२ रोजी सिल्व्हरस्टोन येथे क्लेलंड, हॉय व हार्वे या तिघांनाही विजेतेपदाची संधी होती. सोपर शर्यतीच्या आरंभीच धक्का बसून मागे पडले होते, ते संपूर्ण रांग कापत वर आले आणि शेवटच्या काही फेऱ्यांत क्लेलंड यांच्या पुढे गेले. त्या गडबडीत हार्वे यांनाही वाट मिळाली. आता सहकाऱ्याच्या पाठीशी सोपर यांची मोटार आडभिंतीसारखी उभी होती. क्लेलंड यांनी आतल्या बाजूने शिरून तिला मागे टाकले तेव्हा दोन्ही मोटारी एकमेकींना घासल्या, कॅव्हेलिअर क्षणभर दोन चाकांवर उचलली गेली, आणि गाडीतील कॅमेऱ्याच्या दृश्यात क्लेलंड यांचे वर उचललेले मधले बोट स्पष्ट दिसले. वॉकर यांनी समालोचनात त्याचा अर्थ पहिल्या क्रमांकाची खूण असा लावला. पुढे लफील्ड या वळणावर सोपर यांनी पुन्हा आतून मुसंडी मारली, मोटारी धडकल्या आणि दोघांचीही शर्यत तेथेच संपली. हार्वे चौथे आले व तेवढ्याने विजेते झाले. शर्यत दुसऱ्याच चालकाने जिंकली होती, पण फितीवर त्याला फारशी जागा मिळालेली नाही.

दोष कोणाचा याविषयी मतभेद आहेत. क्लेलंड यांनी शर्यतीनंतर कॅमेऱ्यासमोर सोपर यांचा उल्लेख जनावर असा केला; सोपर यांच्या बाजूने पाहणारे आधीच्या घासाघाशीकडे बोट दाखवतात. उपलब्ध कोनांतून हेतू सिद्ध होत नाही.

फितीची अवस्था : व्हीएचएस कॅसेटमधील फीत १२.७ मिमी रुंद असते आणि फिरत्या डोक्यावरून तिरक्या रेघांनी वाचली जाते. फीत थांबवली की डोके त्याच जागेवरून किंचित चुकीच्या कोनात फिरत राहते, त्यामुळे गोठलेल्या चित्रावर पांढऱ्या खरखरीचे पट्टे उमटतात; वारंवार थांबवलेल्या भागाचा चुंबकीय लेपही झिजतो. घरोघरच्या प्रतींत नेमका लफील्ड वळणाचा भागच पुनःपुन्हा थांबवून पाहिला गेला असणार, म्हणजे ज्या दोन सेकंदांवर वाद आहे तीच चित्रे सर्वाधिक खराब होण्याचा संभव आहे. या कारणास्तव अंकीय रूपांतरासाठी कमी वापरलेली, पहिल्या पिढीची प्रत निवडणे आवश्यक ठरते. नकलेची नक्कल असल्यास आधी रंग एकमेकांत उतरतात, मग मोटारींवरील क्रमांक वाचता येत नाहीत.

संघमालक : विक ली यांना अमली पदार्थांच्या तस्करीच्या प्रकरणात १९९३ मध्ये कारावासाची शिक्षा झाली.

पुढील वाटचाल : १९९३ मध्ये बीएमडब्ल्यूने श्निट्झर या जर्मन संघाला उतरवले आणि योआखिम विंकेलहॉक विजेते झाले, हार्वे रेनोकडे गेले, क्लेलंड यांनी १९९५ मध्ये कॅव्हेलिअर चालवून दुसरे विजेतेपद मिळवले. दोन लिटरचे ब्रिटिश नियम १९९३ पासून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने स्वीकारले आणि त्याच वर्षी इटलीत मॉन्झा येथे झालेली त्या नियमांखालील जागतिक शर्यत न्यूझीलंडच्या पॉल रॅडिसिच यांनी फोर्ड मोंडेओ चालवून जिंकली.