बापाच्या हयातीतली गोष्ट

‘बापाच्या हयातीत वाटणीचे नाव काढू नये’ हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही, असे घर विरळाच. ही आपली जुनी रीत, असेही वर सांगतात. जुन्या ग्रंथांत मात्र निराळे आढळते. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, असे तीत मानले आहे. बंगालात चाललेल्या दायभागात तो बाप गेल्यावर मिळे. आपण मिताक्षरेचे लोक. तेव्हा बापाला मिळकतीविषयी विचारणारा मुलगा परक्याच्या ताटात हात घालीत नव्हता; ताट त्याचेही होते. लेकीचे मात्र नव्हते.

ते ताट तिच्यापुढे यायला फार काळ लागला. १९३७ च्या कायद्याने विधवेला मुलाइतका वाटा दिला, पण तिच्या हयातीपुरता. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली डॉ. आंबेडकर मंत्रिमंडळातून बाहेर पडले. पुढे १९५६ चा वारसा कायदा आला. विधवेचा हक्क पुरा झाला आणि बापाच्या वाट्यात लेक वारस ठरली. एकत्र कुटुंबातील आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभाही त्याच कायद्याने दिली. म्हणजे एका हाताने लेकीला दिलेले बाप दुसऱ्या हाताने काढून घेऊ शकत होता! महाराष्ट्राने १९९४ साली लेकीला जन्मसिद्ध हिस्सेदार केले, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली देशभर ती अट गेली. बाप त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले.

कामगाराला हे सारे लांबचे वाटते. त्याची इस्टेट म्हणजे फंड, ग्रॅच्युइटी आणि असली तर खोली. पण १९५२ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी आला, तेव्हापासून त्याच्याही हाती एक फॉर्म पडला: नाव कोणाचे लावायचे? भरती होताना पोरगा आईचे नाव लावतो. लग्न होताच ते नामनिर्देशन रद्द होते, नवे द्यावे लागते, हे त्याला कोणी सांगत नाही. दुसरा घोटाळा विम्याचा असे. नाव लागले तोच धनी, अशी समजूत होती. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की तो पैसे घेणारा हात, धनी वारस; २०१५ च्या कायदादुरुस्तीपर्यंत जवळच्या नातलगांनाही हेच लागू होते. या एका गैरसमजापायी तेराव्याच्या आत भाऊ हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले आहेत. साध्या कागदावर मृत्युपत्र लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तरी चालते, स्टँप लागत नाही, हे सांगितले की लोक म्हणतात, ‘साहेब, अभद्र बोलू नका.’

दुसऱ्यांचे सांगतो आहे, तर स्वतःचेही सांगितले पाहिजे. माझे वडील १९९७ साली गेले. गावी घर आणि थोडी जमीन. त्याविषयी ते आयुष्यात एक शब्द बोलले नाहीत. वारसनोंदीच्या वेळी आम्ही भावांनी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले. ‘रीतच आहे, ताई,’ असे मीच म्हणालो. दिवसभर कामगारांना हक्क समजावणारा मी. तिने न वाचता सही केली, चहा घेतला आणि गेली. भाऊबीजेला ती येत राहिली, पण मुक्कामाला कधी राहिली नाही.

गेल्या दिवाळीत मी माझ्या मुलाला आणि मुलीला समोर बसवले. खोली, फंड, विमा, गावचा हिस्सा, सारे कागद मांडले. आईच्या पश्चात दोघांना सारखे, असे सांगितले. मुलगा गप्प होता. मुलीने सातबारा हातात घेतला, नावे वाचली आणि विचारले, ‘बाबा, यात आत्याचं नाव कुठं आहे?’

त्यानंतरच्या रविवारी मी ताईकडे गेलो. कागद बरोबर नेले होते.