कप्तान कोणी व्हावे? : चौरंगी सामन्यांतील एका वादाचा इतिहास

संघ निवडणे हे निवड समितीचे काम, आणि समितीने कोणाला निवडायला हवे होते हे सांगणे हे प्रेक्षकांचे काम, अशी कामाची वाटणी क्रिकेट आपल्याकडे आल्यापासून चालत आली आहे. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर तर या दुसऱ्या कामाला माणसांची कधीच वाण पडलेली नाही. ओहोटी लागून वाळू घट्ट झाली की यष्ट्या रोवल्या जातात. सामना तास-दोन तासांत संपतो. पण कप्तान कोणाला करायला हवे होते हा वाद नाक्यावर आठ दिवस पुरतो. जाणती माणसे याला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. पुढे कोणी उभे राहावे आणि कोणाच्या शब्दावर बाकीच्यांनी हलावे, हा प्रश्न खेळाच्या निमित्ताने निघाला तरी तो खेळापुरता राहत नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या मैदानावर असाच एक वाद झाला. त्याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

त्या वेळी संघ गावाचे किंवा प्रांताचे नसत. ते धर्माचे असत. गोरे आणि पारशी यांचे सामने १८९२ पासून नियमाने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू आले तेव्हा सामने तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुसलमान आले तेव्हा चौरंगी झाले आणि १९३७ मध्ये ‘शेष’ म्हणून ख्रिस्ती वगैरे इतरांचा संघ आला तेव्हा पंचरंगी झाले. कसोटी सामने भारताच्या वाट्यास येण्यापूर्वी या देशातील क्रिकेटचा सर्वांत मोठा मान हाच होता. हिंदू संघाचा कप्तान म्हणजे केवळ अकरा गड्यांचा पुढारी नव्हे. तो गोऱ्या कप्तानाबरोबर नाणेफेकीस जाई, मेजवानीत त्याच्या शेजारी बसे, सगळ्या समाजाच्या नावाने करंडक स्वीकारी. म्हणून कप्तान कोण, हा प्रश्न ‘आमच्या वतीने बोलणारा कोण’ असा होता.

त्या संघातला सर्वांत मोठा गोलंदाज होता बाळू पालवणकर. जात चांभार, वडील लष्करी नोकरीत, बालपण पुण्यात. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, पगार महिना ३ रुपये. काम खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे आणि मधूनमधून सभासदांना चेंडू टाकण्याचे. पुढे गोऱ्यांच्या क्लबात ४ रुपयांवर तेच काम. तेथे ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी, आणि बाद झाला की आठ आणे बक्षीस देई असे सांगतात. त्या क्लबात बाळूंनी अगणित चेंडू टाकले. पण बॅट त्यांच्या हातात कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा खेळ आणि गोलंदाजी ही मजुरी, असा तो हिशेब होता. ज्यांनी कारखान्यात आयुष्य काढले त्यांना हा हिशेब निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले ते गोऱ्यांना हरवायचे होते म्हणून. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सर्वांच्या हातून फिरे. परंतु चहाची वेळ झाली की इतर खेळाडू मंडपात बसत आणि बाळूंना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता!

पुढे ते मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने गोऱ्यांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. तोवर मुंबईच्या जिमखान्यात त्यांच्याबरोबर पंगतीला बसण्याची चालही पडली होती, आणि सुधारकांच्या पत्रांनी या गोष्टीचे विजयाइतकेच कौतुक केले. १९११ मध्ये सर्व भारताचा म्हणून पहिला संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण पस्तिशी गाठलेल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हेही त्या संघात होते. कप्तान होते पतियाळाचे महाराज, वय १९.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. १९११ पर्यंत बाळूंचे संघातले स्थान कोणीही नाकारीत नव्हते. म्हणजे गुणाला जागा मिळाली होती. मिळाला नव्हता तो अधिकार. आपल्या किनाऱ्यावरून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून गिरणीत शिरलेल्या चाकरमान्याला हा फरक चांगला ठाऊक होता. साच्यावर ज्याचा हात सर्वांत सफाईचा, तोच जॉबर होई असे नाही. जॉबर होण्यास नातेगोते लागे, वरच्यांची मर्जी लागे. कष्ट करण्याचा हक्क लवकर मिळतो, कारण त्यात दुसऱ्याचा फायदा असतो. हुकूम देण्याचा हक्क उशिरा मिळतो, कारण त्यासाठी कोणाला तरी हुकूम ऐकावा लागतो. बाळूंनी हात केला आणि वरच्या जातीचा पदवीधर खेळाडू मुकाट सीमेकडे सरकला, हे दृश्य समितीला पाहवेल काय, असा खरा प्रश्न होता.

हा अन्याय त्या काळी कोणाला दिसत नव्हता असे मात्र नाही. १९१३ मध्ये हिंदू संघाचे कप्तान एम. डी. पै यांचा त्यांच्या जातीच्या मंडळींनी सत्कार केला, तेव्हा पैंनी स्वतःच भर सभेत सांगितले की हा मान वडीलकीने आणि अनुभवाने बाळूंचा होता. मनाचा मोठेपणा यात आहेच. परंतु पै असे बोलले तरी कप्तान पैच राहिले. एका सज्जनाच्या कबुलीने नियम बदलत नाही.

नियमाला धक्का बसला तो १९२० साली. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांसाठी पुन्हा पै कप्तान झाले आणि बाळूंना वगळण्यात आले. त्यांचे वय झाले होते, एवढे समितीच्या बाजूने म्हणता येईल. पण मुसलमानांशी सामना यायच्या वेळी पै आजारी पडले आणि त्यांच्या जागी पुण्याचे दि. ब. देवधर यांना कप्तान नेमले. देवधर थोर खेळाडू होते. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने दोनदा रणजी करंडक जिंकला. दोष त्यांचा नव्हे. परंतु शिवराम आणि विठ्ठल हे दोघे पालवणकर बंधू संघात असताना, आणि दोघांचाही अनुभव जास्त असताना, त्यांना ओलांडून ही नेमणूक झाली होती. दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले, आणि का काढले ते जाहीर निवेदन करून सांगितले.

आम्ही मजूर चळवळीतली माणसे याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखतो. हा संप होता. दोन माणसांचा असला तरी संपच. त्यांनी अर्ज केला नाही, दया मागितली नाही. आमचे कसब हवे असेल तर आमचा मानही द्यावा लागेल, एवढेच म्हटले. संघ तो सामना त्यांच्यावाचून जिंकला. मालक अशा वेळी म्हणतो, ‘पाहा, तुमच्यावाचून अडले नाही.’ तरीही समितीला नमावे लागले, कारण वाद आता मैदानाबाहेर गेला होता. प्रेक्षक आणि पत्रलेखक भावांच्या बाजूने बोलू लागले. त्याच महिन्यात, डिसेंबर १९२० मध्ये, काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने अस्पृश्यता नाहीशी करण्याचा ठराव केला. बाहेर असा ठराव आणि आत असा कारभार, हे एकत्र नांदणे कठीण होते. अंतिम सामन्यासाठी पै परतले, भाऊ परतले, बाळूंना बोलावून उपकप्तान करण्यात आले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. सामना अनिर्णित राहून मान पारशांबरोबर वाटला गेला. पण त्या थोड्या वेळात चांभाराच्या हाताच्या इशाऱ्यावर हिंदू संघ हलला आणि आभाळ कोसळले नाही.

तडजोड झाली म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र कधी होत नाही. पुढचे दोन हंगाम विठ्ठलना पुन्हा डावलले गेले आणि वाद पुन्हा पेटला. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. त्या वर्षी अंतिम सामन्यात त्यांनी गोऱ्यांना हरवले आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. १९२५ आणि १९२६ साली पुन्हा करंडक आणला. संघ फुटेल, गडी ऐकणार नाहीत, असली भीती कोणाला वाटली असेल तर तिचा निकाल मैदानावर लागला.

१९२३ हे साल आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीनेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. हे बोले म्हणजे १९०९ मध्ये कामगार हितवर्धक सभा उभारणाऱ्यांपैकी एक. ठरावाप्रमाणे महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे कागदावर आणले; पण पाणी कागदावर पिता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. पुण्याच्या मंडपाबाहेरचे मातीचे भांडे आणि महाडचे तळे या दोन गोष्टी एकाच इतिहासातल्या आहेत. दोन्हीकडे आधी ठराव नि कबुली झाली, आणि बदल झाला तो माणसे उठून उभी राहिली तेव्हा.

या विजयाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बाळूंना स्वतःला कप्तानपद रीतसर कधीच मिळाले नाही. ते धाकट्या भावाच्या वाट्यास आले. एका घरासाठी दार उघडले म्हणून वस्तीसाठी उघडले असेही नाही. तरुणपणी बाळूंच्या सत्कारात पुढाकार घेणारे आंबेडकर आणि बाळू यांच्या वाटा राजकारणात वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे, आणि १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे मुंबईत आंबेडकरांविरुद्ध उभे राहून हरले. शिवाय धर्मावर संघ पाडण्याची मुळातली चूक तशीच होती. १९४० साली गांधीजींनी तिला विरोध केला, आणि १९४६ नंतर ते सामने बंद झाले.

हा वाद आपल्यापुरताही नव्हता. वेस्ट इंडीजच्या संघात काळे खेळाडू धावांचे डोंगर रचीत. पण कप्तान बहुधा गोरा असे. फ्रँक वॉरेल यांना पूर्ण मालिकेचे कप्तानपद मिळाले ते १९६० साली, तेही सी. एल. आर. जेम्स यांनी आपल्या पत्रातून जोराची मोहीम चालवल्यावर. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘क्वार्टरबॅक’ नावाचा जो गडी डावाची सूत्रे हलवतो, त्याच्या जागेवर काळा खेळाडू उभा करण्यास तेथले शिक्षक कितीतरी वर्षे कचरत. धावायला तो चाले, सूत्रे हलवायला चालत नसे. देश निराळे, खेळ निराळे; युक्तिवाद तोच.

१९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप चालवला, तेव्हा खोतांना पिकाच्या नुकसानीइतकाच बोचला असेल तो कुळांतूनच पुढारी उभा राहिला याचा. म्हणून आमचे सांगणे असे की, कप्तान कोण हा वाद खुशाल घाला. तो घालणारा समाज जिवंत असतो. फक्त घालताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. चांगला खेळणारा संघात आहे काय, हा पहिला. आणि संघात असूनही ज्याचा विचार कप्तानपदासाठी कधीच होत नाही असा कोणी आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर धावफलकावर मिळते. दुसऱ्याचे उत्तर आपल्या उत्सव मंडळांच्या, पतपेढ्यांच्या आणि कामगार संघटनांच्याही पदाधिकाऱ्यांच्या यादीत शोधावे लागते, आणि ती यादी प्रत्येक सभासदाला वाचता येते.