‘पाव’ आणि ‘छेद’ : मराठी अपूर्णांकांच्या दोन परंपरा

बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौक हा पुण्यातील शालेय पुस्तकांचा बाजार. जुन्या वळणाच्या अंकलिपीत पूर्णांकांचे पाढे संपले की पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे येत. त्यांत ‘अंश’ वा ‘छेद’ हा शब्द कोठेही आढळत नाही. शालेय गणितात मात्र अपूर्णांकाचा आरंभच या दोन शब्दांनी होतो. हा भेद केवळ अध्यापनपद्धतीचा नव्हे. त्यामागे दोन निराळ्या परंपरा आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘अंश’ आणि ‘छेद’ हे शास्त्राचे शब्द. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) भिन्न छेदांच्या राशी मिळविण्यापूर्वी त्यांचा समच्छेद करण्याची रीत दिलेली आहे. अंश वर, छेद खाली. मध्ये रेघ नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला, हे तेथील १२०७ च्या शिलालेखावरून कळते. म्हणजे हे शास्त्र महाराष्ट्रास परके नव्हते. परंतु ते पाठशाळेत राहिले. पेठेत पोहोचले नाही.

पेठेतले शब्दही मूळचे संस्कृतच, पण प्राकृतातून झिजून आलेले. ‘पाऊण’ म्हणजे पादोन, ‘सव्वा’ म्हणजे सपाद. ‘अडीच’ हे अर्धतृतीय, म्हणजे ज्यातील तिसरा अर्धा आहे ते. त्याच न्यायाने ‘औट’ हे अर्धचतुर्थ, म्हणजे साडेतीन. येथे अपूर्णांक ही दोन संख्यांची जोडी नसून एक स्वतंत्र नाव आहे. लेखनातही तेच दिसते. जुन्या पुस्तकांवर ‘किंमत १॥ रुपया’ असे छापलेले असे. एक उभी रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. दोन रेघा म्हणजे वस्तुतः दोन-चतुर्थांश. पण वाचणारा त्यांस ‘अर्धा’च म्हणे. सममूल्य अपूर्णांकांचे तत्त्व असे लिपीतच मुरलेले होते, आणि चार हा छेद न लिहिता गृहीत होता.

नाणीही त्याच वळणाची. ब्रिटिश अमदानीत रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. म्हणून पाव रुपया म्हणजे चार आणे, सोळा पैसे किंवा अठ्ठेचाळीस पै. एका आण्याच्या बारा पै असल्यामुळे तृतीयांशही साधे : पाच आणे चार पै. पावकी-निमकीच्या पाढ्यांत मात्र तृतीयांशाला जागा नव्हती. त्या पाढ्यांच्या लोपाबद्दल हळहळणारे ही मर्यादा सहसा विसरतात. पंचमांश आणि सप्तमांश यांची बेरीज पावकीने होत नाही. तेथे समच्छेदच हवा. उलट, ज्या मुलास ‘अर्धा म्हणजे दोन पाव’ हे घरीच ठाऊक आहे, त्यास ‘अंशास व छेदास एकाच संख्येने गुणावे’ हा नियम प्रथमच ऐकल्यासारखा शिकविणे, हा आपल्या अध्यापनाचा दोष होय.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आणा सव्वासहा पैशांचा ठरला. तृतीयांश तर पैशांत बसेनासाच झाला. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. तरीही ‘बारा आणे काम झाले’ असे म्हणणारे आहेत, आणि तीन-चतुर्थांश म्हणजे बारा-षोडशांश हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.