मत्स्यविनोद आणि गळाची गाठ

मराठीच्या वर्गात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ येतो तो ओवीचा उगम सांगताना. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही त्यातील नोंद आम्हीही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, ११३०च्या सुमाराच्या याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात मासे, आमिष, काठी, दोरी आणि गळ यांचे विवेचन आहे, हे मात्र आम्ही क्वचितच सांगितले. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला. गळाच्या मासेमारीवरील प्रसिद्ध इंग्रजी पुस्तिका छापली गेली १४९६ साली, म्हणजे साडेतीन शतकांनंतर.

चौसाळ्याच्या दक्षिणेस वाहणारी मांजरा पुढे बिदर जिल्ह्यात शिरते. सोमेश्वराची कल्याणी, आजचे बसवकल्याण, त्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा हे प्रकरण आपल्याच मुलखाचे. पण राजाला जो विनोद, तो काठावर गळ टाकून बसणाऱ्याचा रोजचा घास. आणि त्याची भिस्त असते गाठीवर.

सुती दोऱ्याला खरखरीतपणा असतो. त्यात साधी निरगाठही रुतून बसते. १९३५ मध्ये नायलॉनचा शोध लागला आणि पुढे तंगूस आला. तो इतका गुळगुळीत की साधी गाठ त्यावरून निसटते. म्हणून दोरा गळाच्या छिद्रातून ओवून मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यावे लागतात. मग टोक छिद्रालगतच्या फटीतून मागे काढून, गाठ ओली करून, सावकाश आवळायची. कोरडीच ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरा तिथेच दुबळा होतो. दोरा बारीक असेल तर वेढे अधिक, जाड असेल तर कमी. काठावरून लागलेला मासा दगडांकडे, बुडालेल्या बाभळीकडे धाव घेतो. तेव्हा दुबळी गाठ आधी दगा देते.

सुटावी म्हणून सुरगाठ, सुटू नये म्हणून निरगाठ, एवढा विवेक आपल्या भाषेने केला आहे. तंगुसाच्या या गाठीला मात्र आमच्या शब्दसंग्रहात नाव नाही. ती हाताने हाताला शिकवली जाते. कांडणाऱ्या हातांची ओवी आम्ही वाङ्मयेतिहासात घेतली, पण त्याच ग्रंथातील गळ टाकणारा हात वर्गाबाहेर राहिला. ही निवड ग्रंथकाराची नव्हे, आमची आहे. पुढच्या वर्षी ओवी शिकवताना हे प्रकरणही उघडायचे, असे आम्ही ठरविले आहे.